खिडकीखालचा ट्रक

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पण धाकट्या दिरांबद्दल जे तोंडाने कधी बोलले नाही, ते निदान कागदावर राहू दे.

संप फसला आणि ह्यांची गिरणी गेली. छातीत कापसाची धूळ तेवढी राहिली. तेव्हा दिरांनी शिवडीच्या गोदामांतला माल वाहायला जुना डिझेल ट्रक घेतला, माझ्या पाटल्या विकून. पैसे फेडीन म्हणाले. "पाटल्या तिच्या, तर गाडीही तिच्याच नावावर," एवढं मात्र ह्यांनी हट्टाने करून घेतलं.

ट्रक उभा राहायचा लालबागला, आमच्या तळमजल्याच्या खिडकीखाली. रोज सकाळी अर्धा तास इंजिन नुसतं घरघरायचं. "खिडकी लाव गो," एवढंच हे म्हणायचे, मग खोकला. खिडकीला मी धुतलेलं धोतर बांधायचे. संध्याकाळी ते चुलीजवळच्या फडक्यासारखं काळं. धुराची तपासणी आली की मेस्त्री इंजिनाच्या पंपाचं डिझेल कमी करायचा, दाखला मिळाला की पुन्हा वाढवायचा. दीर हे हसत सांगायचे, मोठा पराक्रम केल्यासारखं.

बऱ्याच वर्षांनी राज्य सरकारने मुंबईपुरता कडक नियम काढला. इथे नोंदलेल्या जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन बदला, नाहीतर गाडी शहरात चालणार नाही. नोटीस माझ्या नावावर आली. बोट ठेवून तीनदा वाचली.

दीर तावातावाने आले. "दिल्लीच्या कायद्यात गाडी बसते ना? मग इथल्या सरकारला वर आणखी नियम लावायचा अधिकार कोणी दिला?"

दिल्लीला आमची खिडकी कुठे दिसते, असं मनात आलं.

त्यांनी कागद पुढे केला. गाडी गुजरातच्या पत्त्यावर चढवायची. नंबर तिकडचा, उभी इथेच.

"सही करा, वहिनी. का चौथीत तेवढंही शिकवलं नाही?"

"नाही करणार."

"मग पाटल्यांचे पैसे विसरा. गाडी भंगारात गेली तर मी कुठून देऊ?"

आत हे खोकत होते. पेनाला टोपण लावून मी ते त्यांच्या हातात परत दिलं. "पैसे द्यावे लागतीलच, भावोजी. आधी गाडी हलवा."

सही मी भंगारवाल्याच्या कागदावर केली. त्याने दिले ते पाटल्यांच्या निम्मेही नव्हते. दोन वर्षं हे उघड्या खिडकीशी बसले, मग गेले. दिवसकार्याला दीर पोटभर जेवले आणि पैशांचं नावही काढलं नाही. पुढे दर गणपतीला थोडे आणायचे आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "आरटीओ वहिनी आहेत का घरात?"

यंदा शेवटचे आणले. चहा विचारला नाही. दारातच उभं ठेवून मोजले. पूर्ण होते.