टोपलीचा दुसरा फेरा

माझ्या दादाने मला फसवलं. एकदा नाही, लॉकडाऊनचे सगळे महिने आणि त्यानंतरही, सकाळी अकरा वाजता, भर उजेडात, अख्ख्या बिल्डिंगच्या डोळ्यांदेखत फसवलं. ज्या माणसाला जन्मात साधा कोथिंबिरीचा भाव करता आला नाही, त्याने मला फसवलं. कुवेतच्या भाजी मार्केटात चौदा वर्षं उभं राहून मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. हे लिहितानाही माझे कान तापतात.

दादाला जाऊन आता सात आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी मार्केटातच होते, टोमॅटोच्या क्रेटवर हात ठेवून. मोहोपाड्याहून मोरे काकूंचा फोन आला. दादाच्या अगदी खालच्या मजल्यावर त्या राहतात. म्हणाल्या, दादा सकाळी उठलेच नाहीत गं... समोरचा विक्रेता भाव सांगून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, कारण माझ्याकडून उलटा भाव आला नव्हता. मी त्याने सांगितले तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि चालायला लागले. तो मागून हाका मारत होता. बाईंचं काहीतरी चुकलं, असं त्याला वाटलं असणार.

आम्ही मूळचे साजगावचे. वडील तिथल्याच कारखान्यात हेल्पर होते. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी पाचवीत असताना तो मला शाळेच्या सॅन्डल घ्यायला खोपोलीला घेऊन गेला होता. दुकानदाराने किंमत सांगितली आणि दादाने लगेच खिशात हात घातला. मी त्याचा हात धरला, सॅन्डल उलट्या करून तळाची शिलाई दुकानदाराला दाखवली आणि जी सुरू झाले ती अर्ध्या किमतीवर येऊनच थांबले. मागे वळून बघते तर दादा दुकानात नव्हता. बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होता, जणू आत भांडणारी पोरगी त्याची कोणीच नव्हती. घरी जाताना म्हणाला, "त्या माणसाला पण पोरं असतील गं बाय." मी म्हटलं, "त्याच्या पोरांना फुकट सॅन्डल मिळतात." दादा हसला, पण त्यानंतर माझ्याबरोबर दुकानात कधी शिरला नाही. मी भाव करायची आणि तो बाहेर उभा राहायचा. आमची ही पद्धत पुढे चाळीस वर्षं टिकली.

दादा रसायनीच्या एका केमिकल कंपनीत लागला. उंच टाकीवर चढायचं, दोरीला बांधलेली बाटली झाकणातून आत सोडायची, पाहिजे त्या खोलीवर भरून घ्यायची आणि एक थेंब न सांडता वर ओढायची. सॅम्पल काढायचं हे काम त्याने निवृत्त होईपर्यंत केलं. हात असा सावकाश आणि सारखा चालायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. माझं सगळं याच्या उलट. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा घर सोडलं, स्वयंपाकीण म्हणून कुवेतला गेले, मालकिणीशी भांडून तेही सोडलं आणि कामगारांना जेवण पुरवणारी स्वतःची मेस उभी केली. कोणी हात धरून वर आणलं नाही. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं. दादाला दर वेळी सांगायचे, तू एकटा राहिलास तर तुला लोक विकून खातील. वहिनी गेली आणि तो मोहोपाड्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खरंच एकटा राहिला. मूलबाळ नव्हतं. मला त्याची काळजी वाटायची... मला त्याची.

मग सगळं बंद झालं. कुवेतला मेसला कुलूप लागलं, माणसं आपापल्या खोल्यांत अडकली आणि मी माझ्या एका खोलीत. घराबाहेर पाऊल टाकायला बंदी होती. भाजी मोबाइलवर मागवायची आणि ती प्लॅस्टिकमध्ये बांधून दाराशी यायची, वर भाव छापलेला. छापलेल्या भावाशी माणूस काय बोलणार? दहा दिवसांत माझा आवाज बसायला लागला, कारण वापरच नव्हता. दादाचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. जेवलीस का, जेवले. तू जेवलास का, जेवलो. एवढंच.

एक दिवस तो बोलता बोलता म्हणाला की खाली भाजीवाली आलीय, पण सोसायटीने म्हाताऱ्यांना खाली उतरायला मनाई केलीय, म्हणून टोपली सोडून भाजी घेतो. किती सांगते, विचारलं. त्याने भेंडीचा भाव सांगितला आणि मी पलंगावरून उठूनच बसले. म्हटलं, दादा, फोन टोपलीत ठेव आणि खाली सोड. तो म्हणाला, "खुळी हायस काय, पडंल." मी म्हटलं, "तू आयुष्यभर बाटल्या सोडल्यास, एक फोन सोडता येत नाही?"

त्याने सोडला! फोन टोपलीत उताणा होता, त्यामुळे मला वर दादाचा चेहरा दिसत होता. तो लहान लहान होत गेला, आधी ताटाएवढा, मग नारळाएवढा, मग नुसता पांढरा ठिपका. टोपली तसूभरही हलली नाही. मग एकदम आडवं एक बाईमाणसाचं तोंड आलं, तोंडावर पदर बांधलेला. ही सुमन. कर्जतच्या बाजूच्या गावातली, नवऱ्याच्या टेंपोतून भाजी आणायची. टोपलीतून आवाज आला तशी ती दचकून मागे सरली. मी म्हटलं, "घाबरू नको गं, मी वरच्या दादांची बहीण. भेंडी मोडून दाखव." तिने मोडली. कट्‌ आवाज आला. ताजी होती, पण म्हणून काय झालं? वीस मिनिटं आम्ही दोघी भिडलो. अंगात नुसतं वारं शिरलं माझ्या! ती मला कुवेतवाली म्हणून टोमणे मारत होती, मी तिला तिच्या वजनकाट्यावरून. शेवटी माझ्या भावाला आली. टोपली वर निघाली, भेंडीच्या मधोमध मी, आणि दादाचा ठिपका मोठा मोठा होत माझ्याकडे येऊ लागला. वर आल्यावर त्याने फोन उचलला आणि म्हणाला, "झालं गं बाय?" मी म्हटलं, "झालं. आता उद्या."

तेव्हापासून सकाळचे अकरा हे माझं घड्याळ झालं. कुवेतला तेव्हा साडेआठ वाजलेले असायचे. मी केस विंचरून बसायचे, भाजीवालीशी भांडायला! हळूहळू एकेका गॅलरीत माणसं येऊन उभी राहायला लागली. सुमनचा भाव ऐकून कोणी हाय हाय करायचं, मी निम्म्यावर आणला की टाळ्या. जूनच्या तोंडावर तिने शेवळं ही रानभाजी आणली तेव्हा मी तिला त्यात घालायची आंबट काकडं फुकट द्यायला लावली, कारण काकडाशिवाय शेवळं खाल्ली तर घसा खाजतो आणि खाजरा माल अर्धाच माल. सुमन म्हणाली, "ताई, तुमी कुवेतवरनं इमानानं आलात तर इमान पण सवस्तात आणाल." सगळी बिल्डिंग हसली. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी मात्र फुलांचा भाव करायचा नाही, हा दादाचा नियम होता. त्या दिवशी मी टोपलीतून नुसता नमस्कार केला आणि फुलांबरोबर वर आले.

मध्ये सुमनचं गाव बंद केलं तेव्हा पाच दिवस टेंपो आला नाही. मला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, मीच भाजीवाला होतो, तू भाव कर. हातात एक वांगं धरून कॅमेऱ्यासमोर बसला. मी म्हटलं, किती? म्हणाला, चाळीस. मी म्हटलं, वीस. म्हणाला, "घे. नायतर असं कर, फुकटच घे." मी फोनवर ओरडले, असा बाजार असतो का? तो इतका हसला की वांगं खाली पडलं.

एकदा मोरे काकूंनी गॅलरीतून सांगितलं, ओ कुवेतवाल्या ताई, आमच्याही दोन कोबीचं बघा की. मी बाह्या सरसावल्या, तर दादाच मध्ये पडला. "नाय काकू. ते तिचं माझं हाय." दादा कोणाला नाही म्हणाला, हे मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मला गंमत वाटली, थोडा अभिमानही वाटला. डोळ्यांवर पट्टी होती माझ्या.

पुढे मेस उघडली, कामं सुरू झाली, तरी सुट्टीच्या दर शुक्रवारी अकराला आमचा बाजार भरायचा. दादाचे गुडघे दुखायचे म्हणून टोपली कायम राहिली. हे सगळं दादा जाईपर्यंत चालू होतं.

मी मोहोपाड्याला आले, दादाचा जलदान विधी झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी अकराला खाली टेंपोचा हॉर्न वाजला. मी गॅलरीत आले. खिळ्याला टोपली होती, दोरी नीट गुंडाळलेली. मी टोपली सोडली. पहिल्यांदाच मी वर होते आणि फोन मध्ये नव्हता. सुमनने भाव सांगितला, मी निम्मा मागितला. दोघींचंही मन नव्हतं, पण सवयीने झालं. पैसे खाली गेले, गवार वर आली. मी दोरी गुंडाळायला लागले, तरी सुमन जाईना. वर बघत उभी. खालच्या गॅलरीतून मोरे काकूही वर बघत होत्या. मी विचारलं, काय झालं? सुमन म्हणाली, "काय नाय ताई. टोपली परत येती ना, म्हणून थांबले."

मी जिने उतरून खाली गेले. चपला घालायचं भान नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. फोन बंद झाला की दादा टोपली पुन्हा सोडायचा. त्यात खऱ्या भावाला कमी पडलेले पैसे असायचे. माझा विजय दर वेळी वर गेल्यावर दुसऱ्या फेऱ्यात परत खाली यायचा. आणि खरा भाव? तोही पहिले तीन दिवस सोडले तर मला कधी ऐकवलाच नव्हता. तिसऱ्याच दिवशी दादाने वरून तिला सांगून ठेवलं होतं. सुमनने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले, "सुमन, उद्यापासनं भाव चढवून सांग. बाय तिकडं कोंडलीया. तिला भांडायला माणूस नाय."

मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. काकूंवर ओरडले, बिल्डिंगवर ओरडले. एवढ्या गॅलऱ्या, एकाच्याही तोंडातून चकार शब्द फुटू नये? मला वाटत होतं मी कुवेतमधून दादाला सांभाळतेय, आणि सगळ्यांना माहीत होतं की सांभाळायला कोण दोरी धरून उभं आहे. शेवटी मी सुमनला विचारलं, म्हणजे मी एकदाही जिंकले नाही? खरं सांग.

ती म्हणाली, "येकदा. कंटोलीच्या दिशी."

तो दिवस मला लख्ख आठवतो. सुमनच्या ढिगातली वरची काटेरी कंटोली हिरवीगार होती. मी म्हटलं, वरची बाजूला सार, गोणपाटाखालची दाखव. खालचा माल कालचा निघाला. त्या दिवशी मी तिला अशी धुतली की गॅलऱ्यांत टाळ्यासुद्धा वाजल्या नाहीत, सगळे श्वास धरून होते. सुमन म्हणाली, त्या दिवशी दुसऱ्यांदा टोपली आली तेव्हा मी पैसे घेतले नाहीत, तसेच वर पाठवले. ताई बरोबर होत्या, तोच खरा भाव होता. दादांनी वर पैसे बघितले आणि कठड्याला धरून हसायला लागले. म्हणाले, "थांब, बायला सांगतो." त्यांनी फोन लावला. "तुमी उचलला नाय."

नाही उचलला. मी दुसऱ्या फोनवर होते. कुवेतच्या आमच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीला कंटोलीची लढाई रंगवून सांगत होते. मध्ये दादाचं नाव दिसलं. वाटलं, कंटोली कशी करायची ते विचारत असेल, मग सांगू. मग राहिलं. दुसऱ्या दिवशी अकराला त्याचा चेहरा पुन्हा लहान लहान होत गेला, आणि वर आल्यावर तो नेहमीसारखा म्हणाला, "झालं गं बाय?"

सुमनला मी सांगितलंय, दादाचा करार दादाबरोबर संपला, यापुढे मला खरा भाव सांगायचा आणि खरं भांडायचं. ती हो म्हणाली. तरी मी इथे आहे तोवर टोपली रोज दोनदा खाली जातेय. पहिल्यांदा पैसे घेऊन, दुसऱ्यांदा रिकामीच. ती सोडताना माझा हात हलतो, टोपली भिंतीला आपटते. दादासारखी सरळ जात नाही. दोरीला त्याच्या मुठीच्या जागी एक गुळगुळीत पट्टा पडलाय, तिथेच धरते, तरी जात नाही.

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहून तुलाच विचारतेय. बाकीच्या फसवणुकीचा हिशेब मी मागत नाही, तो तू फेडलास. पण त्या दिवशी तू मला सगळं सांगणार होतास, मी खरी जिंकले हे सांगणार होतास. मी फोन उचलला नाही, ही माझी चूक, मान्य. पण पहिल्या नकारावर गिऱ्हाईक सोडून जातं का कोणी? चाळीस वर्षं दुकानाबाहेर उभा राहून एवढंही ऐकलं नाहीस? परत फोन का नाही लावलास, दादा? उत्तर दे.