बगळ्याचा बावटा

माझे सासरे राजाराम कुबल २००४च्या मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासात शुगर लँडला आले आणि आठवड्याभरात त्यांनी माझं डायनिंग टेबल बळकावलं. मुलीचे क्रेयॉन्स घ्यायचे, प्रिंटरचे कागद घ्यायचे आणि बावटे काढत बसायचे. हे देशांचे झेंडे नव्हेत हं. पूर्वी ब्रिटिश मालवाहू बोटींच्या प्रत्येक कंपनीचा आपला वेगळा बावटा असायचा, तो डोलकाठीवर चढायचा. बाबा अठराव्या वर्षी बोटीवर चढले ते तेहतीस वर्षं. शेवटी कसाब होते, म्हणजे बोटीवरच्या कोठाराचा माणूस. दोर, रंग, कंदील, बावटे, सगळं त्याच्या ताब्यात. मी नागपूरची, फुटाळा तलावापलीकडे पाण्याशी माझा संबंध नाही. चार दिवस कौतुक केलं, पाचव्या दिवशी डोकं फिरलं. पोळ्या लाटून ठेवायच्या कुठे, माझ्या डोक्यावर?

नवऱ्याला, उल्हासला, मी तसं स्पष्ट सांगितलं. तो हसला आणि शनिवारी ऑफिसातल्या मित्रांना जेवायला बोलावून बसला. त्यातल्या विष्णूने गंमत म्हणून इंटरनेटवरून जुने बावटे प्रिंट करून आणले होते, खालची नावं कापून. म्हणाला, काका, परीक्षा घेतो तुमची. निळा, पांढरा, पिवळा आणि लाल असे चार त्रिकोण एकत्र आले की पी अँड ओ, हे बाबांनी कागद पुरता टेबलावर यायच्या आत सांगितलं. पांढऱ्यावर लाल फुली आणि शेपटाला खाच, ती बी. आय. लाल कापडावर पत्त्यातल्यासारखी पांढरी चौकट, चौकटीत लाल सिंह, ती क्लॅन लाइन. ब्रॉकलबँकचा निळा-पांढरा आला तेव्हा वर हेही सांगितलं, की बाकीच्या कंपन्या मधल्या डोलकाठीवर बावटा लावतात, ही एकटी पुढच्या काठीवर. बासष्ट कागद होते. बासष्टच्या बासष्ट बरोबर! भाजी गार झाली तरी कुणी ताटाला हात लावेना. मी तर कढईतला झारा हातात घेऊन तशीच उभी. शाळा सातवीत सुटलेला हा माणूस.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, बाबा, हे सगळं पाठ कशासाठी केलंत? बोटीवर काम करणारा प्रत्येकजण काही एवढं शिकत नसेल.

ते खोलीतून एक बटवा घेऊन आले. हिरव्या लोकरी कापडाचा, विटलेला. त्यावर पांढऱ्या कापडाचा एक पक्ष्याचा पाय शिवलेला, वर शेपटीचं टोक, बस. बाकीचा पक्षी नाही. त्यांच्या वडिलांनी, तेही खलाशीच, बोटीवरचा फाटका बावटा घरी आणला होता आणि आईने त्यातून सुपारीसाठी बटवा केला होता. वडील पुन्हा त्याच कंपनीच्या बोटीवर गेले ते १९४२ साली. लढाईचे दिवस, पत्रात बोटीचं नाव लिहायला बंदी. आले नाहीत. बोट बुडाली एवढंच मालवणात कळलं. कुठली बोट, कधी बुडाली, काही पत्ता नाही. भरती करणारा मुकादम मेला, त्याच्याबरोबर कागदही गेले. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. आईने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही.

तिथी माहीत नाही म्हणून वडिलांचं श्राद्ध दरवर्षी सर्वपित्रीला. बाबांना ते आयुष्यभर सललं. ज्यांचं कुणी नाही त्यांच्या रांगेत आपला बाप उभा, असं ते म्हणाले. बावटा सापडला तर कंपनी सापडेल, कंपनीवरून बोट, बोटीवरून दिवस. म्हणून जगातल्या प्रत्येक बंदरात हा माणूस मान वर करून डोलकाठ्या बघत फिरला. हा पाय कुठेच दिसला नाही. आता वय सदुसष्ट झालं, आपल्यामागे कोण शोधणार, म्हणून आठवतील ते सगळे कागदावर काढून ठेवत होते. आणि मी पोळ्यांवरून भांडत होते. मला माझीच लाज वाटली.

जुलैत आम्ही समुद्रावर, गॅल्व्हेस्टनला गेलो होतो. उकाडा असा की शर्ट अंगाला चिकटलेला, पोरगी कुरकुरतेय, म्हणून एसीसाठी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. बाबा मागे राहिले. चला ना आता, म्हणून मी चिडून वळले तर ते एका फळीसमोर उभे होते. फळीवर बोटीच्या भोजनगृहातली एक टवका उडालेली ताटली होती. काठावर छोटा हिरवा बावटा, त्यावर पांढरा बगळा, एका पायावर उभा. खाली कंपनीचं नाव, हॅलिडे अँड मॉस, ग्लासगो.

बाबा ताटलीला हात लावेनात. मला म्हणाले, "गो, तू वाच. माका दिसणा नाय." चष्मा डोळ्यांवर होता. डोळे भरले होते.

उल्हासने ग्लासगोच्या एका अभिलेखागाराला ईमेल केला. महिन्याने उत्तर आलं. कंपनी चार बोटींची, १९५१ साली बंद, बाबा बोटीवर चढायच्या आधीच. म्हणूनच तिचा बावटा बाबांना कधी दिसला नव्हता. लढाईत त्यांची एकच बोट बुडाली, १३ नोव्हेंबर १९४२ला, दक्षिण अटलांटिकमध्ये. कुणी वाचलं नाही. मी नागपूरला माझ्या वडिलांना फोन केला, त्यांनी जुनं पंचांग काढून सांगितलं, कार्तिक शुद्ध पंचमी. बासष्ट वर्षांनी माणसाला त्याच्या बापाचा दिवस मिळाला! मी साखर घेऊन धावले.

पण बाबा ईमेलचं शेवटचं पान बघत होते. मृतांची यादी होती. कॅप्टन, मेट, इंजिनिअर, सगळ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, वय, गाव. आणि खाली एकच ओळ, हिंदी खलाशी एकेचाळीस. नावं नाहीत. अशी सणक गेली माझ्या डोक्यात! माणसं मोजली आणि नावं लिहायला शाई संपली?

बाबा चिडले नाहीत. भाद्रपदात, पितृपक्षातल्या पंचमीला श्राद्ध करायचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "पिंड एकेचाळीस कर."

मी म्हटलं, बाबा, त्यात निम्मे तरी मुसलमान असतील.

"आसांदेत. त्यांच्या घराकडे कोणाक म्हायती आसा? त्यांका कोण देतलो?"

पहाटे उठून मी पातेलंभर भात केला. पिंड वळले, अॅल्युमिनियमच्या दोन मोठ्या ट्रेमध्ये ठेवले आणि आम्ही गॅल्व्हेस्टनला गेलो. गुरुजी घरून विधी सांगून मोकळे झाले होते, त्यांना हा आकडा झेपला नाही. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी ट्रे धरला. नावं नव्हती, पण तेहतीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला बोटीवर कोण कोण असतं हे पक्कं ठाऊक होतं. एकेक पिंड ते पाण्यात सोडत आणि हुद्द्याने हाक मारत, आधी खलाशांचा म्होरक्या, मग त्याच्या हाताखालचे. सारंग. पहिला टिंडेल. दुसरा टिंडेल. कसाब. मग खलाशी, एकेक करून. पुढे इंजिनातले आगवाले, कोळसेवाले, भंडारी, झाडूवाला, सगळे यायचे होते. एवढ्या वर्षांत त्या माणसांना कुणी हाक मारली नव्हती.

नववा पिंड हातात घेऊन ते थांबले.

"ह्यो माझो बापूस," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षांचो."

तो सोडला आणि दहाव्यासाठी हात पुढे केला.