घोंगडी होईस्तोवर

सांगलीत आमच्या मंडळाची एक खोली आहे. एका डॉक्टरांनी आपला जुना दवाखाना बंद केला, तेव्हा मागची खोली आम्हाला वापरायला दिली. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू आम्ही तिथं ठेवतो. व्हीलचेअर, कुबड्या, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, मुलांचे वॉकर. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं. भाडं नाही, अनामत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दुपारची जरा वेळ बसायला म्हणून तिथं गेले आणि आता खोलीची किल्लीच माझ्या पर्समध्ये असते. जोडीला आयटीआयमधून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. ते चाकांना तेल घालतात, ब्रेक नीट करतात आणि मी कुणावर आवाज चढवला की खोकतात. मी मूळची साताऱ्याची, आवाज जात्याच चढा, त्यामुळे मास्तरांना खोकला फार.

आपल्याकडं शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. लोकांनी हीच रीत आमच्या व्हीलचेअरला लावली. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. इस्लामपूरची एक सून सासऱ्यांच्या कुबड्या परत करायला आली, ती काखेत कुबड्या आणि डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. कोयनानगरच्या एका गृहस्थांनी पार डोंगरातून खुर्ची आणली, तिच्यावर मधाची बाटली होती आणि बाटलीला खुर्चीचा पट्टा बांधलेला होता. मी आधी सगळ्यांना रागावते, की हे कशाला, आम्ही दुकान मांडलंय का. मग मास्तर खोकतात आणि आम्ही तो खाऊ खोलीत येणाऱ्या पोराबाळांना वाटतो. ज्यांचं माणूस गेलं, तेसुद्धा खुर्ची रिकामी आणत नाहीत. एक मुलगा केळ्यांचा घड ठेवून तसाच निघून गेला होता. त्या दिवशी मला कुणावरही रागावता आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात माधवनगरची एक बाई पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचे पाय जन्मापासून आखडलेले. ऑपरेशन झालं होतं, प्लास्टर नुकतंच काढलं होतं. आता रोज उभं राहायचं, रोज चालायचं, नाहीतर पाय पुन्हा आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या उंचीचा चाकांचा वॉकर आमच्याकडं एकच, आणि तो हिवाळ्यातच आटपाडीकडं गेलेला. तिथल्या एका मेंढपाळ घरातला मुलगा चिंचेवरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता. नवा मागवावा तर दुकानदार म्हणाला, महिना तरी लागेल.

“माझी गाडी कधी येणार?” मुलीनं मलाच विचारलं. पोरगी भलतीच बोलकी. “मला शाळेत चालत जायचंय. कडेवरून गेलं की मुलं मला ‘बाळ’ म्हणतात.”

मी तिथल्या तिथं आटपाडीच्या मुलाच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, वॉकर परत आणा.

“आनतो की ताई,” ते म्हणाले. “जरा दम काढा. हुतंय अजून.”

“काय होतंय?”

“हुईल की आता.” आणि फोन बंद.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर फोन नुसता वाजत राहिला. माधवनगरची मुलगी रोज आईच्या कडेवर येई, दाराकडं बघे आणि तशीच कडेवर परत जाई. माझा पारा चढला. मी मास्तरांना म्हटलं, वॉकरवर मिरच्या वाळत घातल्या असतील, नाहीतर कोंबड्या बसवल्या असतील. काढा गाडी. मास्तर खोकले, पण गाडी काढली.

तासगाव, विटा मागं टाकून दुपारी तिथं पोचलो. बोलायची वाक्यं मी रस्ताभर घोळवली होती. रानात घर, बाजूला मेंढरांचं वाडगं. पाय मोडलेला मुलगा एका कोकराच्या मागं असा सुसाट पळत होता, की मोडलेला पाय नक्की कुठला तेही कळेना. ओसरीवर त्याची आजी बसलेली. आणि आमचा वॉकर? तो आढ्याला टांगलेला होता, स्वच्छ धुऊन, धोतराच्या पांढऱ्या कापडात नीट गुंडाळून. चाकं तेवढी खाली दिसत होती.

“मावशी, पोरगं तर पळतंय,” मी म्हटलं. “मग हा इथं का लटकलाय?”

“आवं, रिकामा कसा धाडायचा?” आजी म्हणाल्या. “तुमच्याकडं आलो तवा एक बाई खुर्ची घिऊन आली हुती. खुर्चीवर ही एवढी द्राक्षाची पेटी. समदी कसं कवतिक करत हुती तिचं. आन आमी मोकळा गाडा आणून द्यावा व्हय? घोंगडी टाकलीया मागावर. आपल्याच मेंढरांची लोकर हाय. माजी म्या कातली. झाली की तीच घिऊन येनार हाय, म्हनून म्या ल्योकाला सांगितलंय, तवर थांब म्हनावं.”

माझी रस्ताभर घोळवलेली वाक्यं तोंडातल्या तोंडात विरली. तरी मी म्हटलं, “अहो, घोंगडी कशाला? मूठभर बाजरी ठेवली असती तरी चाललं असतं.”

“बाजरी?” आजींना ते लागलं. “आमच्या पोराचा पाय काय मूठभर बाजरीचा हाय?”

मास्तर खोकले. या वेळी कुणासाठी खोकले, कोण जाणे. मग त्यांनीच शांतपणे सांगितलं, की माधवनगरला पाच वर्षांची एक पोरगी आहे, नुकतं प्लास्टर काढलंय, ती याच वॉकरसाठी रोज येते आणि दाराकडं बघत बसते.

आजी ताडकन उठल्या. “आगं बया! पोरगी थांबलीया? आन ह्ये तुमी आता सांगताय? फोनवर नुसतं परत आना, परत आना. आमाला वाटलं, तुमचा माल म्हनून मागताय!”

खरंच की. फोनवर मी दरडावलं भरपूर, पण मुलीचं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आजींनी लेकाला हाक मारली, वॉकर खाली घेतला, वरचं कापड ओढून काढलं आणि स्वतः तो आमच्या गाडीत घातला. मला म्हणाल्या, “बसा गाडीत. च्या बी न्हाई करत. पळा.” आटपाडीकडच्या घरातून चहाशिवाय हाकलून काढलेली पाहुणी बहुधा मीच पहिली. गाडी वळली, तेव्हा त्यांनी वॉकरकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. रिकामा जाणारा तो गाडा त्यांना बघवेना.

मुलीला वॉकर मिळाला. पहिले काही दिवस रडारड झाली, पाय थरथरायचे, आई पुसायची एका हातानं तिचे डोळे आणि दुसऱ्या हातानं स्वतःचे. मास्तरांनी वॉकरला सायकलची घंटा बसवून दिली. ही मात्रा चालली. घंटा वाजवायची तर पुढं चालायला हवं, असा मास्तरांचा नियम होता. मग आमच्या बोळातल्या लोकांची झोपमोड सुरू झाली. पण वॉकरची पकड ती काही केल्या सोडेना. डॉक्टर म्हणत, पायांत जोर आलाय, आता भीती तेवढी राहिली आहे. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिली. मुठी आपल्या घट्ट.

शाळा उघडायच्या आधी एके दुपारी दारात आजी उभ्या राहिल्या. एसटीनं एकट्या आल्या होत्या, काखेत काळी घोंगडी. मी पाणी दिलं, तर म्हणाल्या, “पानी मागनं. गाडा कुठाय?”

गाडा घंटा वाजवत बोळातून येतच होता. आजी त्या मुलीकडं बघत राहिल्या. मग पुढं होऊन त्यांनी घडी उलगडून घोंगडी तिच्यासमोर धरली. “घे गं बाय. गाड्यावर टाकायची हुती, पर आता तुलाच घे.”

मुलीनं एक हात पुढं केला. तशी तिची आई सवयीनं ओरडली, “अगं, दोन्ही हातांनी घ्यावं! आजी देतायत ना?”

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण मुलगी आईचं ऐकणारी. तिनं दुसरीही मूठ सोडली आणि दोन्ही हातांनी घोंगडी घेतली.

ती उभी होती. हातांत एवढी जड घोंगडी, आणि धरायला काही नाही. मास्तरसुद्धा खोकले नाहीत. मला रडू फुटलं, मी लपवलं नाही.

मुलीचं अजून आपल्या पायांकडं लक्षच नव्हतं. ती घोंगडीचा वास घेत म्हणाली, “आजी, हिला मेंढीचा वास येतो.”

“येनारच की,” आजी म्हणाल्या आणि रिकामा वॉकर हळूच मागं ओढून घेतला.