मांडी घालायची खुर्ची

पुण्याची नोकरी मी घेणार नव्हते. फर्निचर डिझाइन शिकून दारव्ह्याला परत आले आणि घरात सांगून टाकलं, काम करीन तर इथंच. बाबा तहसील कचेरीतून रिटायर झालेले. त्यांना हे नुसतं खूळ वाटलं.

"इथं कोण घेते तुह्या डिझाइनच्या खुर्च्या? प्लास्टिकची काय वाईट हाये?"

पुण्यात काकांनी माझ्यासाठी एक जागा बघून ठेवली होती. पोळ्यापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. शेवटी बाबांनीच अट घातली. "माह्यासाठी एक खुर्ची बनव. मी तिच्यावर रोज बसलो, तर राह्य इथंच. नाही बसलो, तर मुकाट्यानं बॅग भर."

म्हटलं, बघाच आता!

गल्लीतल्या सुतारकाकांना गाठलं. एका जुन्या सागवानी दाराचं लाकूड मिळालं. खुर्ची अशी झाली की माझीच दृष्ट लागावी तिला. बारीक पाय, वळणदार हात, पाठीला किंचित कल. पुस्तकातलं एकही माप चुकू दिलं नाही. बाबा बसले, "छान हाये" म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.

असा संताप आला! "काहून हो बाबा? टोचते का?"

"टोचत नाही वं. पण कचेरीत बसल्यासारखं वाटते."

दोन दिवस मी तोंड फुगवून होते. मग ठरवलं, रुसून काही होत नाही, हा माणूस बसतो कसा ते तरी बघू. सकाळी चहा घेऊन बाबा खुर्चीवर टेकले आणि मिनिटभरात एक पाय वर. मग दुसरा. झाली मांडी. शेजारचे आजोबा आले, त्यांनीही चपला काढून पाय वर घेतले. अरे देवा, आमच्या गावात घरच्या खुर्चीवर पाय सोडून बसतं कोण? मी स्वतः त्या वेळी स्टुलावर मांडी घालूनच बसले होते! चार वर्षं शिकले आणि आपलीच मांडी विसरले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तडक सुतारकाकांकडे गेले. बैठक अठ्ठावीस इंच रुंद, उंची जेमतेम तेरा. वर बाजेसारखी नवारीच्या पट्ट्यांची वीण. डावीकडे हात नाहीच, आणि उजवा एवढा रुंद की चहा, पेपर, चष्मा सगळं मावावं.

सुतारकाका हसत सुटले. "खुर्ची हाये का बाज, बाई?"

"जे हाये ते हाये. तुम्ही रंधा मारा."

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा नवी खुर्ची घरी आली. बाबा बाजारात गेले होते. आई एरवी खुर्चीवर बसतच नाही, तिचं सगळं काम जमिनीवर. तिनं एकदा वाकून बघितलं, वर चढून मांडी घातली, रुंद हातावर ताट ठेवलं आणि गवार मोडायला लागली. बाबा आले ते समोर उभेच.

"ऊठ ना आता."

"थांबा जरा."

जेवणही तिथंच झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा भोवती घिरट्या घालताहेत आणि आई ढिम्म.

पोळ्याच्या सकाळी पुण्याच्या काकांचा फोन आला. मी उचलायच्या आत बाबांनी घेतला. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नाही, ती नाही येत. तिले इथं काम हाये." मग आईकडे तिरकं बघून, "मले अजून खुर्ची नाही भेटली."