रडणाऱ्या लेकराचं चित्र
दोन हजार चोवीस साल, मी एकाहत्तर वर्षांचा. कान गेले होते, जवळून मोठ्यानं बोललेलंच कळायचं, पण कबूल करायला मी तयार नव्हतो. मुलीनं फोन दिला. घरात कुत्रं भुंकलं, नळ वाहिला, की तो थरथरायचा आणि त्याचं चित्र दाखवायचा. ‘बाबा, हाऊ तुन्हा कान शे,’ ती म्हणाली. ‘मन्हा कान मन्हा डोकाले शेत,’ माझे कान माझ्या डोक्याला आहेत, असं मी सुनावलं. एका संध्याकाळी बायको घरामागच्या गोठ्यात शेळ्या आणि करडू बांधायला गेली, मी पुढच्या अंगणात चहा पीत होतो. फोन थरथरला, त्यावर रडणारं लेकरू. आमच्या घरात लेकरूच नाही! खोटारडा म्हणत मी तो पालथा घातला. तो थरथरत राहिला आणि एकदम थांबला, तेव्हा मात्र मी उठलो. गोठ्यात करडू नव्हतं. गोठ्यामागच्या उसाच्या शेताकडे जाणारे बिबट्याचे पंजे उमटले होते. करडाचं ओरडणंच फोनला लेकराचं रडणं वाटलं होतं. बायको चाऱ्याच्या खोलीत दार लावून बसलेली. ‘कितला आवाज दिधा मी!’ एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन मागच्या दारात बसलो आणि तिला गोठ्यातून हाक मारायला लावली. तिचं तोंड उघडताना दिसलं, फोन हललाही नाही. तिच्या हाकेचं चित्र त्यात नव्हतंच. मी माझी खाट उचलली आणि गोठ्याच्या तोंडाशी नेऊन टाकली.