छापणाऱ्याचं नाव

बुधाजीला वाचायचं वेड, तेही दुसऱ्यांना वाचून दाखवायचं. तरुणपणी मुंबईच्या गिरणीत असताना रात्रशाळेत शिकलेली चार अक्षरं त्याने पेणच्या मिठागरावर आणून पुरवून पुरवून वापरली. बायको गेली, लेक नागावला नांदायला गेली. उरला तो शनिवार. त्या दिवशी अलिबागचं साप्ताहिक येई. उन्हं कलली की आगरातली माणसं मांडवाखाली जमत आणि बुधाजी पहिल्या ओळीपासून वाची. तळाशी बारीक अक्षरांत असे, "हे पत्र गुणाजी अंबाजी म्हात्रे यांनी अलिबाग येथे छापून प्रसिद्ध केले." तेही तो वाची, आणि ते ऐकल्याशिवाय कुणी उठत नसे.

तीस सालच्या उन्हाळ्यात सरकारने साप्ताहिकाकडे भलीमोठी जामीनकी मागितली. गुणाजींनी ती भरली नाही, वर अंक काढला. छापखान्याला टाळं लागलं आणि ते तुरुंगात गेले. मग फौजदार आगरावर आला. घोळका दिसला तर सगळ्यांना आत टाकीन, म्हणाला. बुधाजीला हसत बजावलं, जुने अंक खुशाल वाच, पण त्या माणसाचं नाव घेतलंस तर तुझीही रवानगी त्याच्याकडेच.

पुढच्या शनिवारी मांडवाखाली चिटपाखरू नव्हतं. बुधाजीने तरी जुना अंक काढून मोठ्याने वाचला. शिळ्या बातम्या, आणि ऐकायला खाडीचा वारा! माणसं लांब आपापल्या खणांत पाठ करून मीठ ओढत होती. एरवी मांडवात सगळ्यांत पुढे बसणारी सोनूबाई तर बांधावर समोर आली तरी मान वळवी. तिची सून अडली तेव्हा ह्यानेच होडी वल्हवून सुईण आणली होती. त्याला फार लागलं. पण दर शनिवारी तो वाचत राहिला. नावही घेई. ऐकणारंच कुणी नाही, तर भीती कसली?

एके शनिवारी बांधावर पोलीस शिपाई उभा दिसला. बुधाजीने शेवटची ओळ गिळली आणि अंकाची घडी घातली.

आगरात काही वाजेना. त्याने मान वर केली. खणाखणांत माणसं पाठमोरीच, पण फावडी थांबवून उभी होती. सोनूबाईने वळून न बघताच हाक दिली, "बुधादादा, नाव ऱ्हायलं."

इतके शनिवार आपण एकटे नव्हतो, हे कळून त्याचे डोळे भरून आले. त्याने घडी उलगडली आणि ती ओळ खणखणीत वाचली.

शिपाई मांडवाकडे चालू लागला. खणांत फावडी पुन्हा सुरू झाली.