मातीआधीची मॅच

सकाळी दूध घ्यायला निघालो की कॉलनीच्या मैदानाला एक चक्कर मारायची, हा माझा जुना शिरस्ता. आज तिथं फक्कीच्या रेघा मारलेल्या दिसल्या. दवानं भिजलेलं गवत, त्यावर ती पांढरी फक्की आणि तिचा चुन्यासारखा ओलसर वास. माझं पाऊल पुढं पडेना. कठड्यावर टेकलो आणि आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षं राहिलेला तो घानाचा विद्यार्थी आठवत बसलो.

फार्मसी शिकायला नाशिकला आला होता. उंचापुरा, हसरा, आठवडाभरात आमच्या हिला 'काकू' म्हणायला लागलेला. दर रविवारी मैदानावर फुटबॉल खेळणारी आमची मंडळी म्हणजे बँकेतले दोघं-तिघं, घोटीचा एक तांदळाचा व्यापारी आणि सगळ्यांची सुटलेली पोटं. त्यांच्यात हा धावू लागला की मला हसू आवरायचं नाही. त्याला मात्र खेळाची थट्टा खपत नसे. त्याच्या गावात म्हणे लग्नाची तारीख काढताना आधी सामन्यांचं वेळापत्रक बघत. देशाचा संघ मैदानात उतरला की जमिनीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले त्याचे दोन चुलते एकाच बाकावर येऊन बसत आणि मॅच संपली की पुन्हा तोंडं फिरवत. वडील त्याच गावात मास्तर आणि गावच्या संघाचे गोलकीपर. आमच्या टीव्हीवर आफ्रिकेतली मॅच लागली की फोनवर तिकडून वडील रेफरीचा उद्धार करायचे, इकडून हा. मी मधे बसून चहा प्यायचो. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण शिव्या बरोबर कळायच्या.

मग एका दुपारी फोन आला, वडील गेले. परीक्षा चालू होती, व्हिसाचे कागद अडकले होते. गेला असता तर परत येणं कठीण होतं. तो जिन्यातच बसून राहिला. मला बघवेना. त्यातून दुसऱ्याच्या घरचा कारभार हातात घ्यायची मला भारी हौस. ही म्हणाली, "अहो, त्यांच्यात काय करतात ते विचारा तरी त्याला." मी म्हणालो, "त्यात विचारायचं काय? बाप गेलाय त्याचा." शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी आणवली, त्याला गॅस पेटवू दिला नाही. आठव्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, बूट चढवून, बगलेत चेंडू घेऊन खाली आला. मी जिन्यातच अडवला. "अरे, सुतक आहे तुला. तेरा दिवस खेळायचं नाही." तो काहीतरी सांगू लागला, तोवर मी चेंडू काढून घेतला आणि कपाटात ठेवला. मैदानावरच्या मंडळींनाही बजावलं, त्याला बोलावू नका. सगळ्यांनी गुपचूप ऐकलं. आपली कॉलनी किती समंजस, म्हणून मला तर भरून आलं.

दोन दिवसांनी त्यानं मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. लाल मातीचं मैदान, भोवती अख्खं गाव, ढोल वाजताहेत. त्याच्या गावात माती आठवडाभरानं देतात. खेळाडू गेला की माती द्यायच्या आधी मॅच होते आणि गेलेल्याच्या जागी थोरला मुलगा उतरतो. मुलगा परमुलखात असला, तर असेल तिथं त्याच दिवशी चार माणसं जमवून खेळतो. व्हिडिओत एका बाजूच्या गोलात कुणीच उभं नव्हतं. ती जागा त्याची होती.

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"काका, तुमच्या घरचा नियम होता. तो मोडून खेळलो असतो, तर वडिलांनाच आवडलं नसतं."

मी तडक उठून कपाट उघडलं. चल म्हणालो, आत्ता बोलावतो सगळ्यांना. त्यानं माझा हात धरला. "आता नाही काका. परवाच पुरलं त्यांना."

पदवी घेऊन तो परत गेला. अजून दिवाळीला न चुकता फोन करतो, काकूच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मी दर वेळी तो विषय काढतो आणि तो दर वेळी म्हणतो, "काका, तुम्ही माझ्यासाठीच केलं ना." खरंच त्याच्यासाठीच केलं होतं. आयुष्यात केलेल्या पुष्कळ चुका मी मागाहून निस्तरल्या, काही काळानं आपसूक निस्तरल्या गेल्या. या चुकीचं काय करू, मला खरोखर कळत नाही. ती मॅच माणसामागं एकदाच होते.